‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय कागदावर फार भारदस्त दिसतो. ‘गर्भाशयाच्या कर्करोगाच्या उपचारात प्रतिमा-तपासण्यांचे स्थान’. प्रतिमा-तपासण्या म्हणजे काय, तर सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन, एम.आर.आय., पेट स्कॅन. आपल्या वस्तीतल्या बायका या सगळ्यांना मिळून ‘फोटो काढणं’ म्हणतात, आणि आज मीही तसंच म्हणणार आहे. मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली नऊ वर्षं एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात समाजसेविका म्हणून काम करते. माझं काम फोटो काढण्याचं नाही. फोटोसाठी पैसे कुठून आणायचे, तारीख कधीची मिळेल, बाईबरोबर कोण येणार, आणि फोटो काढून झाल्यावर त्यात काय लिहिलंय हे तिला कोण सांगणार, हे माझं काम. तेव्हा मी बोलेन ते त्या बाजूनं.

सुरुवात एका मावशींपासून करते. नाव सांगत नाही, गावही नाही. वय चोपन्न, शेतमजुरी, नवरा नाही. पाळी जाऊन पाच वर्षं झालेली. मग अंगावरून पाणी जायला लागलं, त्याला वास यायला लागला, मधूनच लाल. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा खताच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून तीन सोनोग्राफीचे रिपोर्ट होते. अकरा महिन्यांत तीन. पहिल्यावर शेवटी लिहिलं होतं, दखल घेण्यासारखं काही आढळलं नाही. दुसऱ्यावर तेच. गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, “मावशी, सोनोग्राफी नॉर्मल आहे, काळजी करू नका,” आणि गोळ्या दिल्या. मावशींनी काळजी केली नाही. का करावी? यंत्रानं सांगितलं होतं.

तिसऱ्या रिपोर्टात एक ओळ वेगळी होती. उजव्या मूत्रपिंडाला थोडी सूज. त्यावर त्यांना सांगितलं गेलं, खडा असेल, पाणी भरपूर प्या.

आमच्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात एका निवासी डॉक्टर मुलीनं त्यांना टेबलावर घेतलं, आत चिमटा लावून, म्हणजे ज्याला स्पेक्युलम म्हणतात तो घालून, दिवा धरून पाहिलं. दोन मिनिटं लागली असतील. गर्भपिशवीच्या तोंडावर फुलकोबीसारखी गाठ होती. ती उघड्या डोळ्यांना दिसत होती. अकरा महिन्यांत तीन वेळा पोटावरून यंत्र फिरलं, पण एकदाही कुणी आत डोकावून पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट मी डॉक्टरांना नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. नावं ठेवण्यासारखं त्यात आहेच, पण मला आपल्या स्वतःविषयी बोलायचंय. कारण हीच चूक मी केली आहे, आणि तीही तुमच्यासारख्या एका बायकांच्या गटात बसून, ठराव वगैरे करून.

२०१६ सालची गोष्ट. आम्ही काही जणींनी तालुक्याच्या ठिकाणी बायकांसाठी आरोग्य तपासणी ठेवली. गावोगावच्या बचत गटांतून बायका पाठवायच्या आणि नोंदणीकृत केंद्रावर सवलतीच्या दरात त्यांची सोनोग्राफी करून घ्यायची, असं ठरलं. आम्हाला फार अभिमान वाटला. बायकांना हे कधी मिळत नाही, आपण मिळवून दिलं. चौसष्ट बायकांची सोनोग्राफी झाली. एक्केचाळीस रिपोर्टांत काही ना काही लिहिलेलं आलं. कुणाच्या गर्भपिशवीत हरभऱ्याएवढी गाठ, कुणाची पिशवी ‘जाडसर’, कुणाच्या पिशवीच्या तोंडाला बारीक पाण्याच्या पुटकुळ्या. यातलं बहुतेक सगळं निरुपद्रवी. चाळिशीच्या आसपासच्या बायकांचे फोटो काढत सुटलं की असं काहीतरी सापडणारच. तसं सांगणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. आम्ही रिपोर्ट बायकांच्या हातात ठेवले आणि म्हणालो, दाखवा कुठल्यातरी डॉक्टरला.

वर्षभरात त्यांतल्या पाच जणींच्या पिशव्या काढल्या गेल्या. एक एकतीस वर्षांची होती. ती मला बाजारात भेटली. चेहरा सुजलेला, कंबर धरलेली. मी विचारलं, अगं, कशासाठी काढली? ती म्हणाली, “ताई, तुम्हीच तर पाठवलं होतं. रिपोर्टात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले पुढं कॅन्सर होईल.”

त्या चौसष्ट जणींपैकी एकीचीही आतून तपासणी आम्ही केली नव्हती. म्हणजे ज्या कर्करोगाची भीती घालून त्या पाच पिशव्या गेल्या, तो असता तरी आमच्या शिबिरात कदाचित सापडला नसता, आणि जे सापडलं त्याचा कर्करोगाशी संबंध नव्हता. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली बाहेर आलं, तेव्हा राज्य सरकारच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचे एक्केचाळीस रिपोर्ट येत होते. पुढं २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविषयी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. त्या आदेशाची प्रत आपल्या प्रत्येक गटाकडे असायला हवी.

आता मुद्द्याकडे येते. ‘पिशवीचा कॅन्सर’ असं आपण म्हणतो, पण ते दोन वेगळे आजार आहेत, आणि फोटोचं काम दोन्हींत वेगळं आहे. हे एकदा नीट कळलं की अर्धा गोंधळ मिटतो.

पहिला, पिशवीच्या तोंडाचा. आपल्याकडे हाच जास्त. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो होतो आणि जवळपास ८० हजार जणी मरतात. तो एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळच्या संसर्गातून होतो आणि व्हायला अनेक वर्षं लागतात. सुरुवातीच्या काळात तो पोटावरच्या सोनोग्राफीत दिसत नाही. पुन्हा सांगते, दिसत नाही. त्यासाठी आत पाहावं लागतं, नाहीतर पॅप किंवा एच.पी.व्ही.ची चाचणी करावी लागते. आणि ही काही परदेशातली गोष्ट नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं दीड लाख बायकांमध्ये जो अभ्यास केला, त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना शिकवून, पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायला सांगितलं होतं. २०१४ साली निष्कर्ष छापून आले, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला एच.पी.व्ही. चाचणीचा अभ्यास त्याआधी २००९ साली छापून आला होता. त्यातही एकदाच केलेल्या चाचणीनं पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू कमी झालेले दिसले. या अभ्यासांत तुलनेसाठी ज्या बायका होत्या त्यांना तपासणी दिली गेली नाही, यावर टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. पण सांगायचं हे की दिवा, व्हिनेगर आणि शिकवलेला डोळा यांनी जे होतं, ते लाखो रुपयांचं यंत्र करत नाही.

दुसरा, पिशवीच्या आतल्या अस्तराचा. हा बहुतेक पाळी गेल्यावर होतो. वजन जास्त, मधुमेह, किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल तर धोका जास्त. याची खूण लवकर दिसते. पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसणं, भले एक डाग का असेना. इथं मात्र सोनोग्राफी खरोखर कामाची आहे. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या आणि रक्त दिसलेल्या बाईत ती चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. जास्त असेल तर अस्तराचा तुकडा काढून तपासायचा. जाडी कमी असूनही रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तरी तुकडा तपासायचा. आणि लक्षात ठेवा, हा चार मिलिमीटरचा हिशेब पाळी गेलेल्या बाईचा आहे. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिन्याच्या दिवसाप्रमाणं जाड-पातळ होतच असतं. पस्तीस वर्षांच्या बाईला “तुमचं अस्तर दहा मिलिमीटर आहे, पिशवी काढा” असं कुणी म्हणत असेल, तर आपण उठून विचारायला हवं, महिन्याच्या कितव्या दिवशी मोजलं?

जाड अस्तर म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर आहे की नाही हे तुकडा सांगतो, ज्याला बायोप्सी म्हणतात. फोटो संशय दाखवतो. पुरावा सुईवर, चिमट्यात, सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो. तुकडा न तपासता पिशवी काढण्यात दुसराही धोका आहे. कॅन्सर नसेल तर पिशवी फुकट गेली, आणि असेल तर अर्धवट शस्त्रक्रिया झाली. अशा अर्धवट झालेल्या बायका आमच्याकडे येतात. आधीची शस्त्रक्रिया कशी झाली हे कुणाला धड माहीत नसतं, कागद नसतो, आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

मग एम.आर.आय., सी.टी., पेट कशासाठी? तर कॅन्सर आहे हे ठरल्यावर तो कुठवर गेलाय हे पाहायला. मावशींच्या बाबतीत बायोप्सी आली आणि डॉक्टरांनी एम.आर.आय. सांगितला. गाठ पिशवीच्या तोंडातच आहे की बाजूच्या मऊ भागात शिरली आहे, मूत्राशयाला, गुदाशयाला चिकटली आहे का, हे एम.आर.आय.मध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. यावर सगळं ठरतं. लहान आणि तोंडापुरती असेल तर शस्त्रक्रिया. बाजूला गेली असेल तर शस्त्रक्रिया नाही, रेडिएशन आणि केमो. अस्तराच्या कर्करोगात हाच एम.आर.आय. सांगतो की रोग पिशवीच्या भिंतीत निम्म्याहून कमी शिरलाय की जास्त.

मावशींची गाठ बाजूला गेली होती आणि तिनं उजव्या बाजूची मूत्रनलिका दाबली होती. म्हणून मूत्रपिंडाला सूज. तिसऱ्या सोनोग्राफीतली ती ओळ आठवते ना? खडा नव्हता तो. यंत्रानं खरं सांगितलं होतं. पोटावरच्या सोनोग्राफीला पिशवीच्या तोंडातली सुरुवातीची गाठ दिसत नाही, पण गाठीनं पुढं जाऊन केलेलं नुकसान दिसतं. मूत्रपिंडाला सूज आली की त्या कर्करोगाचा टप्पा तिसरा धरतात. बाईच्या अंगावरून जातंय आणि रिपोर्टात मूत्रपिंडाला सूज लिहिलंय, या दोन गोष्टी एकत्र ठेवणारं माणूस लागतं. ते यंत्रात बसवलेलं नसतं.

टप्प्यावरून एक गोष्ट सांगते, ती थोडी किचकट आहे पण आपल्या कामाची आहे. फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना हे टप्पे ठरवते. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचा टप्पा वर्षानुवर्षं मुख्यतः हातानं तपासून ठरवत. त्यामागं एक विचार होता. हा गरिबांच्या देशांतला आजार, तिथं यंत्रं नाहीत, म्हणून जे सगळीकडे करता येईल त्यावरच टप्पा ठरावा. २०१८ साली फिगोनं नियम बदलला. जिथं उपलब्ध असेल तिथं फोटो धरायचा, आणि फोटोत पोटातल्या रसग्रंथींमध्ये रोग दिसला तर तो तिसरा टप्पा. वैद्यकीय दृष्टीनं हे योग्यच आहे, कारण ग्रंथींत रोग असलेल्या बाईला रेडिएशन वरपर्यंत द्यावं लागतं. पण याचा अर्थ असाही होतो की एकाच आजाराची बाई मुंबईत तिसऱ्या टप्प्याची आणि तालुक्याला दुसऱ्या टप्प्याची ठरू शकते. ‘जिथं उपलब्ध असेल तिथं’ या चार शब्दांत आपलं सगळं राजकारण आहे.

पेट स्कॅनबद्दल फार चौकशी होते, कारण तो महाग आहे आणि महाग ते चांगलं असं आपल्याला वाटतं. त्यात साखरेसारखं एक किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून त्या उजळ दिसतात. ग्रंथींत, लांबच्या अवयवांत रोग शोधायला आणि मोठ्या टप्प्यातल्या बाईचे उपचार ठरवायला तो उपयोगी. पण सूज आणि क्षयसुद्धा त्यात उजळ दिसतात. आपल्याकडे क्षय किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पेटमध्ये एखादी गाठ चमकली की लगेच रोग पसरला असं नाही, पुष्कळदा तिथंही सुई घालून पाहावं लागतं.

आणखी एक. ते औषध साधारण एकशेदहा मिनिटांत निम्मं होतं, नंतरच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याचं निम्मं. ते ठेवून देता येत नाही. बाईची एस.टी. चुकली की तिच्या नावाचा डोस गेला. आमच्याकडे एका वहिनींना सांगितलं होतं, उपाशीपोटी या. त्या आल्या. शिरेत सुई टोचण्याआधी साखर तपासली तर वाढलेली. विचारलं, काही खाल्लं का? “नाही हो, उपासच आहे,” म्हणाल्या, “साबुदाण्याची खिचडी तेवढी खाल्ली.” तारीख दहा दिवस पुढं गेली. चूक त्यांची नव्हती. उपाशी आणि उपास यांतला फरक आम्ही सांगितला नव्हता. आता मी सांगते, पाण्याशिवाय काही नाही, चहाही नाही, आणि मधुमेहाच्या गोळीचं आधी विचारून घ्या. स्कॅननंतर काही तास लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ घ्यायचं नाही, हेही सांगते, कारण घरी गेल्या गेल्या नातवंडं मांडीवर येऊन बसतात.

एम.आर.आय.च्या वेळी दुसरंच. त्यात किरण नसतात, मोठं चुंबक असतं, म्हणून धातू चालत नाही. जोडवी, मंगळसूत्र, वर्षानुवर्षं न काढलेली चमकी, केसांतल्या पिना, ब्लाऊजला बटणाऐवजी लावलेल्या सेफ्टी पिना. तंत्रज्ञ ओरडतो, बाई रडते. इथं बसलेल्या काही जणींना वाटेल, मंगळसूत्र काढावं लागलं तर काढलं, त्यात एवढं काय. मलाही तत्त्वतः तसंच वाटतं. पण कालच कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडलेल्या बाईशी आज त्यावर वाद घालू नये. आमच्या सिस्टर साधा काळा दोरा ठेवतात, तो बांधायला देतात, आणि काम पुढं सरकतं. तांबी बसवलेली असेल तर ते आधी सांगायचं. सहसा त्यानं अडत नाही, पण सांगायचं. आणि आत अर्धा-पाऊण तास ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो हे कुणीतरी आदल्या दिवशी सांगितलं, तर बाई घाबरून मध्येच उठत नाही. उठली की फोटो पुसट येतो आणि पुन्हा तारीख.

आता ज्या उपयोगाबद्दल बाहेर कुणी बोलत नाही, त्याबद्दल. फोटोचा सगळ्यात मोठा फायदा मला रेडिएशनच्या खोलीत दिसला. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात बाहेरून रेडिएशन देऊन झालं, बायका त्याला शेक म्हणतात, की नंतर आतून द्यावं लागतं. पिशवीत बारीक नळ्या बसवून त्यांतून किरणोत्सारी स्रोत काही मिनिटं फिरवतात. पूर्वी यासाठी साधा एक्स-रे काढत. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, धातूच्या नळ्या दिसतात, गाठ दिसत नाही. मग नळीपासून मोजून एक ठराविक बिंदू धरत, दोन सेंटिमीटर वर आणि दोन सेंटिमीटर बाजूला, आणि त्यावर मात्रा ठरवत. ही पद्धत १९३८ पासूनची. गाठ लहान असो, मोठी असो, एका बाजूला वाकडी असो, सगळ्या बायकांना बिंदू तोच. त्यानंही असंख्य बायका बऱ्या झाल्या, हे खरं. पण कुणाला कमी पडायचं, आणि कुणाच्या मूत्राशयाला, गुदाशयाला भाजायचं. नळ्या बसवल्यावर एम.आर.आय. काढला तर गाठ दिसते, आणि मात्रा त्या बाईच्या गाठीच्या आकाराप्रमाणं देता येते. एम्ब्रेस नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. या पद्धतीनं उपचार झालेल्या साडेतेराशेच्या आसपास बायकांमध्ये मूळ जागचा रोग पाच वर्षांपर्यंत आटोक्यात राहण्याचं प्रमाण ९२ टक्के होतं.

जिथं एम.आर.आय. नाही तिथं सी.टी.वर करतात. तेही नसेल तर नळी बसवताना पोटावर साधी सोनोग्राफी धरली, तरी नळी पिशवीला भोक पाडून बाहेर गेली नाही ना हे दिसतं. बघा, तेच साधं यंत्र, जे मावशींच्या बाबतीत चुकीच्या वेळी तीनदा वापरलं गेलं.

आणि वेळ. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात बाहेरचं आणि आतलं रेडिएशन मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं. लांबलं की गुण कमी येतो. आमच्याकडे एम.आर.आय.ची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत होती. बाहेर खासगीत साडेसहा हजार मागितले. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेत बसणार होता, पण मंजुरीसाठी जे कागद लागतात त्यातच हा फोटो, आणि तो मंजुरीच्या आधी काढायचा. मावशींनी दोन शेळ्या विकल्या. मी निधीसाठी अर्ज केला होता, तो मंजूर झाला तेव्हा शेळ्या गेलेल्या होत्या. आपल्या संघटनांनी मागणी करायची असेल तर ही करावी, की टप्पा ठरवण्याच्या तपासण्या योजनेत पहिल्या दिवसापासून धराव्यात. नुसती ‘प्रत्येक जिल्ह्यात एम.आर.आय. यंत्र’ ही मागणी पुरेशी नाही. यंत्र येतं, उद्घाटन होतं, आणि ते चालवायला, वाचायला माणूस नसतो.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या चळवळीच्या मनात एक अढी असते. ती असणारच. या यंत्राविरुद्ध आपल्या आधीच्या बायका लढल्या म्हणून महाराष्ट्रात १९८८ साली देशातला पहिला कायदा झाला, मग १९९४ चा केंद्राचा, तो १९९६ पासून लागू झाला, आणि पुढं अंमलबजावणीसाठी पुन्हा न्यायालयात जावं लागलं. प्रत्येक केंद्रावर ती पाटी असते, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मावशींनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, “माझ्या पोटात आता मुलगा बघणार का मुलगी?” आम्ही दोघी हसलो. पण त्या हसण्यात मला एक गोष्ट टोचली. बाईच्या पोटावर यंत्र फिरवायला आपल्या समाजानं पैसा काढला तो तिच्या पोटात काय आहे म्हणून. तिचं पोट दुखतंय म्हणून फारच कमी वेळा.

आतून करायच्या सोनोग्राफीबद्दल थोडं. कांडीसारखं साधन आवरण घालून योनीमार्गातून आत घेतात. हे आधी सांगायला हवं, बाईनं हो म्हणायला हवं. अनेक जणींना टेबलावर पडल्यावरच कळतं. एक बाई मला म्हणाली, “मला वाटलं माझ्यावर जबरदस्तीच होतेय.” लग्न न झालेल्या मुलीला तर काही विचारलंही जात नाही, आणि कधी नको ते विचारलं जातं. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर दुसरी बाई खोलीत हवी. हा रुग्णाच्या हक्कांच्या सनदेतला हक्क आहे, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार ती सनद खासगी रुग्णालयात लावणं बंधनकारक आहे. रिपोर्ट आणि फिल्म मिळणं हाही हक्कच. रिपोर्ट बाईच्या हातात द्यायचा. आमच्याकडेही अजून सवयीनं तो बाहेर बाकावर बसलेल्या पुरुषाच्या हातात दिला जातो. तो इंग्रजीत असतो, दोघांनाही वाचता येत नाही, पण द्यायचा त्याला.

तुम्ही बाईबरोबर जाल तेव्हा विचारा, हा फोटो कशासाठी? रोग आहे का ते पाहायला, की कुठवर आहे ते पाहायला? याच्या उत्तरानं उपचारात काय बदलणार? काहीच बदलणार नसेल तर तो काढू नका. सी.टी.त किरण जातात, उगाच दर तीन महिन्यांनी काढायचा नसतो. आणि कुठल्याही फोटोच्या आधी विचारा, आत चिमटा लावून पाहिलं का?

मावशींचं पंचवीस दिवसांचं रेडिएशन, आठवड्याला केमो, मग आतलं रेडिएशन, सगळं सात आठवडे आणि चार दिवसांत झालं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागलं, मध्ये दोनदा रक्त चढवलं. तीन महिन्यांनी पुन्हा एम.आर.आय. काढला. तीन महिन्यांनी, कारण त्याआधी रेडिएशनची सूज आणि उरलेला रोग यांतला फरक ओळखणं कठीण जातं. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून आधीची आणि आताची दाखवली. जुन्या फिल्मवरच्या पांढुरक्या डागावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “एवढंसंच होतं?” मी म्हटलं, हो, एवढंसंच.

गेल्या महिन्यात त्या तपासणीला आल्या त्या जावेला घेऊन. जावेच्याही अंगावरून जात होतं, आणि तिच्या पिशवीतही एक रिपोर्ट होता. आमच्या डॉक्टरांनी हात पुढं केला तेव्हा मावशींनी तो दिला नाही. म्हणाल्या, “कागद मागून बघा. आधी हिला टेबलावर घ्या.” घेतलं. पिशवीच्या तोंडाला लाल व्रण दिसला, तुकडा काढून पाठवलाय. रिपोर्ट अजून यायचा आहे.